बिनलग्नाच्या मेढी

आमच्या दारासमोर गेल्या वैशाखापासून माझ्या लग्नाची मेढ उभी आहे, आणि माझं लग्न ठरलेलं नाही. ठरवायचा विचारही नाही; निदान माझा तरी नाही.

लग्नघरी मांडव घालायच्या आधी चांगला दिवस बघून एक खांब रोवतात, त्याला आंब्याची डहाळी बांधतात, हळद-कुंकू वाहतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती मुहूर्तमेढ. एकदा रोवली की लग्न लागेपर्यंत तिला उपटायचं नाही, हेही ठाऊक असेल. तेवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्यावरच उभा आहे. (अक्षरशः उभा आहे. पुसेगावात या, दाखवते.)

मी कुंदा. शेतकी पदविका घेतली आणि घरासमोरच्या मोकळ्या जागेत भाजीपाल्याची रोपं तयार करून विकायला लागले. वांगी, मिरची, टोमॅटो. जागा म्हणाल तर दोन खोल्यांएवढी, पण माझी. वय विचारू नका. मी विसरले तरी गावाला पाठ आहे.

जागेच्या पलीकडे बापूकाकांचं घर. बापूकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडलांचे, थोरले चुलतभाऊ. काकांना हद्दीचं वेड आणि काकूंना शेळ्यांचं. काकूंच्या शेळ्या गवत खात नाहीत. त्यांना मिरचीची रोपं लागतात, तीही चार पानांवर आलेली, कोवळी. त्या उन्हाळ्यात रोपांचे माझे दोन हप्ते त्यांनी साफ केले होते. तिसरा हप्ता मी नुकताच पेरला होता, आणि तो वाचला नाही तर माझी रोपवाटिका बसणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मृगाच्या तोंडावर शेतकरी रोपं न्यायला येतात. त्या वेळी माझ्याकडे रोप नसलं की ते सरळ हिंगोलीची गाडी धरतात, आणि एकदा हिंगोलीला गेलेलं गिऱ्हाईक परत पुसेगावात फिरकत नाही. शिवाय रोपवाटिका बसली की दुसऱ्याच दिवशी मला बोहल्यावर उभं करायला सगळे टपलेले!

म्हणून मी कुंपण घातलं. चार खांब, त्यांना जुनी जाळी. मी सेनगावला बी आणायला गेले, आणि परत येऊन बघते तर चारही खांब उपटून आमच्या दाराशी नीट रचून ठेवलेले. जाळीची घडी घालून वर दगड ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून!

"काका, काहून उपटले खांब?"

"हातभर आमच्याकडं सरकले होते, पोरी."

"दोरी धरून रोवले होते!"

"मंग दोरीच सरकली असंल."

अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? मी घरी आले आणि जाहीर केलं, की आता जाळी नाही नि चार खांबही नाहीत. आता नुसते खांबच खांब. शेतातल्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, सुबाभूळ तोडायची, तिचे कमरेच्या वर येतील असे खांब करायचे आणि चारी बाजूंनी वीतभर अंतरानं रोवायचे. शेळीचं डोकं जाता कामा नये. आणि हे सगळं मी माझ्या हातानं करणार!

गल्लीत बातमी गेली. "बाईमाणूस खांब रोवत असते व्हय?" असं एकानं मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, "खांबाला कळत न्हाई कोण रोवून राहिलं ते."

खांबाला कळत नसेल, पण आमच्या काळ्या जमिनीला कळतं. वैशाखातली काळी जमीन म्हणजे वर भेगा आणि खाली दगड. पहार मारली की ठण्ण वाजायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. पहिला खांब रस्त्याच्या कोपऱ्यावर, आमच्या दाराच्या अगदी समोर यायचा होता. खड्डा गुडघाभर झाला. उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून खांबाचं बूड चुलीत काळं होईस्तोवर भाजून घेतलं. खांब खड्ड्यात उभा केला, आणि मग तो सरळ उभा आहे की नाही यावरून आमच्या घरात जुंपली.

"जरा डावीकडं घे," आई म्हणाली. मी घेतला.

"कुंदे, आता उजवीकडं—" अण्णा म्हणाले. मी घेतला.

"आगं, डावीकडं म्हणलं ना!"

आई खांबाच्या या बाजूला उभी होती आणि अण्णा त्या बाजूला. दोघांचं म्हणणं एकच होतं, हे कळेपर्यंत माझे दोन्ही हात गेले.

अण्णांबद्दल इथं सांगायला हवं. ते कारकून म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांना एक वाक्य पुरं करता आलं नसावं, कारण साहेब मधेच बोलायचे. घरी ते काम आई करायची. आई दमली की मी. त्यामुळे अण्णा सुरुवात फार चांगली करतात, पण त्यांच्या मनात शेवटी काय होतं हे आम्हाला सहसा कळत नाही.

खड्ड्यात मुरूम आणि दगड ठेचून भरले. खांब हलेना. मी लाथ मारून बघितली, तरी हलला नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी हात धुवायला आत गेले आणि तेवढ्यात आईनं घात केला.

आईचा एक नियम आहे: घरात नवीन काही आलं, की त्याला हळद-कुंकू. फ्रीजला लावलं, मोटरसायकलला लावलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीला तर हार घातला होता. आता मुलीनं स्वतःच्या हातानं पहिला खांब रोवला, त्याला तसंच कसं सोडायचं? तिनं हळद-कुंकू वाहिलं, पाणी घातलं, आंब्याची डहाळी बांधली. पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड घालून त्याची पुरचुंडीही खांबाला बांधली. (नंतर विचारलं तर म्हणे, "उधईला बी जरा धाक पाहिजे.") त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी होती. गावात तीन ठिकाणी बँड वाजत होते. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी खिडकीतून बघितलं, तर बापूकाका बाह्या सरसावत येत होते. आले ते सरळ खांबाशी. दोन्ही हातांनी खांब धरला, पाय रोवले, आणि मग त्यांचं लक्ष वर गेलं. आंब्याची डहाळी. मग पिवळी पुरचुंडी. मग कुंकू. तव्याला हात लागावा तसा त्यांनी हात झटकन मागं घेतला, इकडं तिकडं बघितलं, खांबाला नमस्कार केला आणि आल्या पावली निघून गेले.

मला काहीच उमगेना. काका कशाच्याही पाया पडतील, पण आमच्या खांबाच्या?

उमगलं ते काकू आल्यावर. त्या नुसत्या आल्या नाहीत, पूजेचं ताट घेऊन, नवी साडी नेसून, डोळे पुसत आल्या.

"आगं माय! येवढं ठरलं अन् आमाला एका शबदानं सांगितलं न्हाई! शेजारी कोण राहतंय? भावकीत कोण हाय? मेढीची पूजा कराया सवाशिणी कुठून आणणार होतात, नांदेडहून?"

आणि त्यांनी खांबाची साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, ओवाळणं. मग मला जवळ घेतलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. आई ओल्या हातानं दारात उभी. तिनं माझ्याकडं बघितलं, मी खांबाकडं.

"वयनी, तसं न्हाई, ते आपलं—" अण्णा म्हणाले.

"भावजी, तुमी तर बोलूच नका! पोरीचे बाप अन् येवढे आतल्या गाठीचे!"

एखादी सरळ मुलगी इथं म्हणाली असती, की काकू, गैरसमज होतोय, हा कुंपणाचा खांब आहे. मीही तेच म्हणणार होते. पण त्याआधी सहज विचारलं, "काकू, काका याला हात लावणार न्हाईत ना?"

"हात?" काकूंनी डोळे वटारले. "लग्न लागेस्तोवर कुणाची बिशाद हाय हात लावायची!"

झालं! ते वाक्य कानात पडलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं. मी खोटं बोलले नाही, हे लिहून ठेवते. मी काहीच बोलले नाही, आणि आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी दूध घालायला माणसं बाहेर पडली तोवर गावभर झालं होतं. नवरदेव कोण, यावर तीन मतं पडली. एका मतानं तो सिद्धेश्वरच्या धरणावर इंजिनिअर होता. दुसऱ्या मतानं पुण्याला कंपनीत. तिसऱ्या मतानं तो बिजवर असून दोन मुलं होती. ("ह्या वयात आणखी कसा मिळंल?" हे त्याच मताचं पुढचं वाक्य. बोलणारी बाई कोण ते मला माहीत आहे.) एका म्हाताऱ्यानं खांब निरखून शंका काढली, की मेढ सुबाभळीची काहून? त्याला दुसऱ्यानं समजावलं, "इंजिनिअर लोकात चालत असंल."

मग केळवणं सुरू झाली. आमच्याकडं त्याला गडगनेर म्हणतात. लग्न ठरलेल्या मुलीला घरोघरी जेवायला बोलावतात आणि हात उचलेपर्यंत वाढतात. नाही म्हटलं तर अपमान, आणि हो म्हटलं तर पुरणपोळी. मी प्रत्येक ठिकाणी खरं तेच सांगत होते, हवं तर आजही विचारा.

"नवरदेव काय करतात गं?"

"काहीच करत न्हाईत."

"दिसायला कसे हायत?"

"मला तर अजून दिसलेच न्हाईत."

"गाव कोणतं?"

"गाव न्हाई त्यांना."

"लाजून राहिली गं पोरगी!" म्हणून सगळ्या हसायच्या आणि आणखी एक पोळी वाढायच्या. खरं बोलण्याला गावात अशी किंमत आहे! मांडववाला टेप घेऊन आला. "मांडव केवढा धरू ताई?" मी त्याला रोपवाटिकेची जागा दाखवली आणि म्हटलं, "एवढाच." त्यानं बिचाऱ्यानं मापही घेतलं.

इथपर्यंत मला मजा येत होती. मग औंढ्याहून आत्या आली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नागनाथाच्या देवळाजवळ तिच्या सासरचं पूजासाहित्याचं दुकान आहे, आणि तिच्यासमोर नागनाथ सोडून कुणाचं चालत नाही. ती एस.टी.तून उतरली ती भलीमोठी पिशवी घेऊनच. हळद, कुंकू, सुपाऱ्या, हळकुंडं, अक्षता, अख्ख्या तालुक्याची लग्नं उरकतील एवढं सामान. उंबऱ्यावर पाय ठेवताच तिनं, गावात एकालाही जे जमलं नव्हतं, ते आईला सरळ विचारलं.

"नवरदेवाचं नाव काय?"

आईला आत्यापुढं लपवता येत नाही. तिनं सगळं सांगितलं. आत्या खाली बसली, तांब्याभर पाणी प्याली, आणि म्हणाली, "मंग आता करा लग्न."

"आत्या, खांब हाय तो! कुंपणाचा!"

"पूजा झाली न्हाई का त्याची? सवाशिणीनं केली न्हाई का? मंग ती मेढ झाली. लग्नाबिगर मेढ उपटली, तर घरात धा वर्षं कार्य होत न्हाई."

"हे तर लईच चांगलं!" मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी स्वयंपाकघरात गेले.

"आक्का, मी काय म्हणतो—" अण्णा.

"तू गप रे भाऊ!"

त्या दिवसापासून आत्या रोज नवं स्थळ सांगायला लागली. इकडं माझी रोपं दोन पानांवर आली होती. आणि शेळ्या? शेळ्या मेढीशेजारून खुशाल आत यायच्या. खांब एकच होता, शेळीला एका खांबाचं काय! एक शेळी तर मागच्या पायांवर उभी राहिली आणि मेढीची आंब्याची डहाळी खाऊन गेली. मी काठी घेऊन दिवसभर रोपांपाशी बसायची, आणि जेवायला कुणाच्या घरी गेले की जीव तिकडं. त्या दोन दोन पानांच्या रोपांकडं बघून मला खरोखर रडू यायचं. तिसऱ्यांदा ती गेली असती तर चौथ्यांदा पेरायला वेळच नव्हता.

एका दुपारी काठी मांडीवर घेऊन मी त्या मेढीकडं बघत बसले होते. तिच्यावर काकूंचं कुंकू लखलखत होतं. बापूकाका पलीकडून आले, तिला वळसा घालून, चपला काढून पुढं गेले. चपला काढून! आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. काका एका मेढीला हात लावत नाहीत, तर सगळ्यांनाच लावणार नाहीत!

मी आत गेले. "आत्या, ही पिशवी मी घेऊ का?"

"घे की, तुझ्याच लग्नाची हाय." आत्याचा चेहरा फुलला. "कोणतं पसंत केलंस?"

मी पहार उचलली.

चारी बाजूंनी चर खांदला. आई मुरूम टाकायची, मी दगड ठेचायची, अण्णा खांब धरायचे. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. प्रत्येक खांब रोवला की त्याला हळद, कुंकू, पिवळी पुरचुंडी. 'मांडवाच्या मेढी चालल्यात' हे कळल्यावर काकू गल्लीतल्या बायका घेऊन ताटांसह हजर झाल्या आणि एकेक मेढ पूजत माझ्यामागून यायला लागल्या. मी पुढं रोवतेय, त्या मागून ओवाळतायत! सगळ्यात मागं आत्या, बुचकळ्यात पडलेली, पण पूजा म्हटल्यावर तिच्यानं राहवेना.

"कुंदे, एक सांगू का, ते आपलं आत—" अण्णा म्हणाले.

"अण्णा, खांब धरा!"

थोड्या वेळानं पुन्हा. "कुंदे, आपण जर हितं—"

"अण्णा, आता मागं हटायचं न्हाई!"

शेवटचा खांब ठेचत होते तेव्हा बापूकाका भावकीतली चार वजनदार माणसं घेऊन आले. एव्हाना अर्धी गल्ली जमली होती. मांडववालाही होता, गोंधळलेला.

"एका लग्नाला येवढ्या मेढी?" काकांनी विचारलं.

"मांडव मजबूत पाहिजे, काका."

"मांडव हाय का किल्ला? नवरदेवाचं नाव सांग आधी!"

बायकांची ताटं हातातच राहिली. मी पहार जमिनीत रोवली आणि उभी राहिले.

"नवरदेव न्हाई, काका. लग्नबी न्हाई. हे कुंपण हाय, अन् ते तुमच्या शेळ्यांसाठी हाय. इतक्या दिवसांत मी कुणाला एक शबूद खोटा बोलले असंल, तर आत्ता सांगा!"

कुजबूज झाली. मग एक बाई हळूच म्हणाली, "व्हय की. 'दिसलेच न्हाईत' म्हणली होती." दुसरी म्हणाली, "अन् गाव न्हाई म्हणली." तिसरीला तिच्या पुरणपोळ्या आठवल्या असाव्यात, कारण ती माझ्याकडं फार वाईट बघत राहिली.

काकांनी बाह्या सरसावल्या. "कुंपण हाय ना? मंग बराबर हाय! आत्ता उपटतो एकेक!"

"उपटा!" मी म्हणाले. आवाज चढाच ठेवला. "फक्त आधी त्याच्यावरचं कुंकू तुमच्या हातानं पुसा. ते काकूंनी लावलंय."

काकांचा हात खांबापर्यंत गेला होता. तेवढ्यात ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अवो!" काकू म्हणाल्या. "सवाशीण बाई हाय मी. माझ्या हातचं कुंकू पुसता व्हय? तुमीच पुसता?"

हात तिथल्या तिथं थांबला. भावकीतली चार वजनदार माणसं एकदम आभाळाकडं बघायला लागली.

"आगं, पण हातभर—"

"हातभर न्या म्हणावं! पण माझ्या पूजेला हात लावला, तर चूल बंद!" मग त्या माझ्याकडं वळल्या. "अन् तू गं! तुझ्या लग्नात नेसायला चार दुकानं हिंडून साडी आणलीय मी! तुझ्याशी बोलणार न्हाई आता!" (त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मिरचीची रोपं मागायला आल्या.)

आता सगळे आत्याकडं बघायला लागले. आत्या त्या मेढींच्या रांगेकडं बघत होती. मेढीबिढीचा निकाल तिच्याशिवाय कोण देणार?

"फसवून का होईना, पूजा झाली ती झाली," ती म्हणाली. "लग्न लागेस्तोवर ह्यातली एक बी उपटायची न्हाई. ना त्यानं, ना हिनं!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मी ओरडले. मला इतकं बळ आलं होतं, की गल्लीच काय, सेनगावलाही ऐकू गेलं असतं. "यातला एकबी खांब जागचा हलणार न्हाई! मी सांगते! माझा शबूद हाय!"

मांडववाल्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला काय झालं तेच कळलं नव्हतं. काका आपल्या बाजेवर जाऊन बसले. एक शेळी आली, खांबांच्या फटीत तोंड घालून बघितलं, जमेना. दुसरीकडून बघितलं, तिथंही जमेना. ती ओरडली. तसलं गोड ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"चला, आता रोपांना पाणी द्यायचं," मी म्हणाले आणि बादली उचलली.

उचलली आणि चालायला लागले. या बाजूनं गेले. मग त्या बाजूनं. मग काकांच्या बाजूनं. मग परत दारासमोर आले. माझ्यामागून सगळ्यांच्या माना फिरत होत्या. एवढी माणसं, एवढे डोळे. पण उपटायचं की नाही उपटायचं या भांडणात कुणाचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं. आत रोपं होती, बाहेर मी होते, आणि मधे चारी बाजूंनी वीतवीत अंतरावर सुबाभूळ होती.

मी अण्णांकडं बघितलं.

"तेच सांगून राहिलो होतो कवाधरनं," अण्णा म्हणाले. "आत जायाला फाटक ठेवायचं होतं."

जन्मात पहिल्यांदा अण्णांनी वाक्य पुरं केलं, आणि तेही अख्ख्या गल्लीसमोर!

"आत्या," मी शक्य तितक्या नरमाईनं म्हणाले, "यातल्या दोनच जर..."

"न्हाई!" आत्या आणि काकू एका सुरात म्हणाल्या. पलीकडं बाजेवर बापूकाका हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सगळे गेल्यावर गुपचूप दोन खांब काढायचे. का काढायचे? चारचौघांत शब्द दिला म्हणजे दिला. खांब काढीन ती कुंदा नव्हे! आणि रोपं वाचली की. मृगाला ती सगळी गेली, कुंपणावरून हातोहात दिली. एकही गिऱ्हाईक हिंगोलीला गेलं नाही. काकूंच्या शेळ्या आता गवत खायला शिकल्या आहेत.

आत जायला मी स्टूल वापरते. बाहेर एक, आत एक. काळ्या जमिनीत स्टूल डुगडुगतं. एकदा मी बादलीसकट काकांच्या पुढ्यात आदळले, तेव्हापासून काका रोज सकाळी न सांगता येतात आणि बाहेरचं स्टूल धरून उभे राहतात. परवाही उभे होते. माझा एक पाय स्टुलावर, दुसरा हवेत, आणि ओढणी पहिल्या मेढीला अडकलेली.

"पोरी," काका खालून म्हणाले, "किती तकलीफ करून घेतीस! लग्न करून टाक. लग्न लागलं की आत्या दोन मेढी उपटू देईल, मस्तपैकी फाटक होईल."

"काका," मी वरूनच ठणकावलं, "मला कुणाच्याबी आधाराची गरज न्हाई! कळलं? अन् स्टूल सोडू नका!"